चिठ्ठीत अडकलेली स्वस्ताई

मध्यमवर्गीय गृहिणी चार दुकानांत तूरडाळीचा भाव विचारल्यावाचून पिशवी पुढे करीत नाही. मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिल्याखेरीज घेतली जात नाही, शाळेच्या वह्या घाऊक बाजारातून आणल्या जातात, दिवाळीच्या कापडखरेदीपूर्वी तर निम्मी पेठ पालथी घातली जाते. पै-पैचा हिशेब ठेवणारे हेच कुटुंब औषधाच्या दुकानासमोर उभे राहिले की त्याची सारी व्यवहारबुद्धी गळून पडते. डॉक्टरांची चिठ्ठी पुढे सरकवली जाते, दुकानदार गोळ्यांच्या पट्ट्या काढून ठेवतो, बेरीज सांगतो आणि सांगितलेली रक्कम मुकाट्याने मोजली जाते. ‘याहून स्वस्त काही आहे काय?’ हा प्रश्न ओठावर येतच नाही. आलाच तर त्यात अपराधी भाव असतो. जणू आजारी माणसाच्या जिवाचीच घासाघीस चालली आहे.

एखाद्या तापाच्या औषधापुरते हे मौन परवडण्याजोगे असेल. परंतु मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, थायरॉइडचे विकार हे पाहुण्यासारखे येऊन जाणारे आजार नव्हेत. ते घरात मुक्कामाला येतात आणि घरभाड्यासारखे दरमहा आपले देणे वसूल करतात. डॉक्टरांकडे तीन महिन्यांतून एकदा गेले तरी चालते, गोळी मात्र रोजची असते. निवृत्तिवेतनावर जगणारी कितीतरी वृद्ध माणसे महिनाअखेर जवळ आली की रोजची गोळी एक दिवसाआड करतात, किंवा मोडून अर्धी घेतात. घरातल्यांना याचा पत्ता नसतो, डॉक्टरांना तर नसतोच. पुढे केव्हातरी पक्षाघाताचा झटका येतो तेव्हा तो नशिबाच्या खात्यावर मांडला जातो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोकांनी स्वतःच्या खिशातून केला होता. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही घट स्वागतार्ह खरी. तथापि विमा आणि शासकीय योजना प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या कामी येतात. रोजच्या गोळीचे पैसे बव्हंशी रुग्णालाच मोजावे लागतात. म्हणूनच औषधांच्या किमतींची तुलना करावी की नाही, हा केवळ काटकसरीचा प्रश्न राहत नाही. उपचार अखंड चालणार की मध्येच तुटणार, हे त्यावर ठरते.

छापील किमतीची चौकट

तुलना करावी हे मान्य केले तरी ती कशाची करावी, याविषयी मोठा घोटाळा आहे. सर्वसाधारण ग्राहक तुलना करतो ती दुकानांची. अमुक दुकानात शेकडा दहा सूट मिळते, तमुक ठिकाणी पंधरा. घरपोच औषधे देणाऱ्या कंपन्या आणखी काही कमी करून देतात. एवढ्यासाठी लोक दोन बसथांबे पलीकडे जातात आणि घरी परतताना आपण शहाणपण केले असे समाधान मानतात.

अमेरिकेत ही रीत खरोखरच लाभदायक ठरते. तेथे औषधाच्या वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत छापण्याचे बंधन नाही. प्रत्येक दुकान, प्रत्येक विमा योजना आपापला भाव ठरवते आणि एकाच रस्त्यावरील दोन दुकानांत त्याच जेनेरिक गोळ्यांच्या भावात मोठे अंतर पडू शकते. तेथे चार दुकानांत चौकशी करणाऱ्यालाच स्वस्त औषध मिळते. शिवाय डॉक्टरांनी स्पष्ट मनाई केली नसेल तर व्यापारी नावाऐवजी तेच औषध जेनेरिक स्वरूपात देण्याची मुभा तेथील औषधविक्रेत्याला असते. तेथे नोकरीनिमित्त स्थायिक झालेला मुलगा पुण्या-नागपुरातल्या आईवडिलांना फोनवरून हाच सल्ला देतो: दोनचार दुकाने पाहा. सल्ला प्रेमाचा असला तरी तो येथे फारसा उपयोगी पडत नाही. आपल्याकडे किंमत वेष्टनावरच छापलेली असते, आणि त्याच नावाची तीच पट्टी मुंबईत घेतली काय किंवा मिरजेत घेतली काय, छापील किंमत सारखीच राहते. फरक पडतो तो सुटीच्या चार टक्क्यांचा.

खरा फरक दडलेला असतो तो त्याच दुकानातल्या शेजारच्या खणात. मधुमेहासाठी सर्रास दिले जाणारे मेटफॉर्मिन घ्या, रक्तदाबावरचे ॲम्लोडिपिन किंवा टेल्मिसार्टन घ्या, कोलेस्टेरॉल उतरवणारे ॲटोर्व्हास्टॅटिन घ्या. यांपैकी प्रत्येक रसायन आपल्याकडे अनेक कंपन्या अनेक नावांनी विकतात. रसायन तेच, मिलिग्रॅम तेवढेच, काम तेच. नाव बदलले की किंमत मात्र दुप्पट, तिप्पट, कधी त्याहूनही अधिक. ग्राहकाने तुलना करायची ती या नावांची. पण नाव निवडण्याचा अधिकार त्याच्या हाती नाही. नाव लिहितो डॉक्टर, पैसे मोजतो रुग्ण आणि माल देतो तिसराच. निवडणारा आणि पैसे देणारा वेगवेगळे असतील तर स्पर्धेने भाव उतरतात हा बाजाराचा नियम लागू पडत नाही. किंबहुना येथे स्पर्धा चालते ती ग्राहकाला स्वस्त माल देण्यासाठी नसून डॉक्टरांच्या लेखणीवर नाव चढवण्यासाठी चालते. आणि त्या स्पर्धेचा खर्च अखेर गोळीच्या किमतीतच मिळवला जातो.

नावांचा जंगी बाजार

ही अवस्था एका दिवसात आलेली नाही. विरोधाभास असा की, आपल्या देशाने केलेल्या एका दूरदृष्टीच्या निर्णयाचेच हे अनपेक्षित फळ आहे. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या रसायनावरील पेटंट अमान्य केले आणि केवळ ते तयार करण्याच्या प्रक्रियेला संरक्षण दिले. कायदा १९७२ मध्ये अमलात आला आणि देशी कारखानदारांनी परदेशी औषधे वेगळ्या प्रक्रियेने, अल्प खर्चात बनवण्याचे तंत्र हस्तगत केले. २००५ पासून रसायनावरील पेटंट पुन्हा आले. पण तोवर भारतीय औषधउद्योगाने बाळसे धरले होते. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा संयोग एका रुग्णामागे वर्षाला ३५० डॉलर्समध्ये देऊ केला, तेव्हा पाश्चात्त्य कंपन्यांच्या अशाच उपचाराला वर्षाकाठी दहा हजार डॉलर्सहून अधिक लागत होते. आफ्रिकेतील लाखो रुग्णांचे प्राण ज्या देशाच्या स्वस्त औषधांनी वाचवले, त्याच देशातल्या रुग्णाला आपल्या गल्लीतल्या दुकानात ती स्वस्ताई सापडू नये, याला काय म्हणावे?

स्वस्त उत्पादन झाले खरे, परंतु ते विकले गेले व्यापारी नावांच्या वेष्टनात. अनेक कारखानदार एकच रसायन बनवू लागले तेव्हा प्रत्येकाला वेगळे नाव हवे झाले. अशा रीतीने आपल्याकडे मूळनामाने, म्हणजे जेनेरिक नावाने, विकले जाणारे औषध अपवादात्मक झाले आणि बाजार व्यापारी नावांनी भरून गेला.

हा धोका फार पूर्वी ओळखला गेला होता, हे विसरता कामा नये. जयसुखलाल हाथी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९७५ च्या अहवालात अत्यावश्यक औषधांची यादी तर दिलीच, शिवाय व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करून औषधे मूळनामानेच विकावीत अशी निःसंदिग्ध शिफारस केली. १९७८ च्या औषध धोरणात ती शिफारस आक्रसून अवघ्या पाच औषधांपुरती उरली. ॲनाल्जिन आणि ॲस्पिरिन त्या पाचांत होती. पुढे १९८१ मध्ये तशी अधिसूचना निघाली, तर तिला न्यायालयात आव्हान दिले गेले आणि ती पाच नावेही रद्द झाली नाहीत. त्यानंतर चार दशकांत अनेक सरकारे आली आणि गेली. हाथी समितीचे नाव परिसंवादांत आदराने घेतले जाते, तिची शिफारस मात्र फडताळातच राहिली.

नियंत्रणाची उतरती भाजणी

किमतींवर शासनाचे नियंत्रण आहे, मग ग्राहकाने चिंता का करावी, असे कोणी विचारील. नियंत्रणाचा इतिहास पाहिला म्हणजे उत्तर मिळते. १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली सुमारे साडेतीनशे मूळ औषधे होती. १९८७ च्या आदेशात ती १४० च्या आसपास आली आणि १९९५ मध्ये ७५ च्या घरात उतरली. २०१३ च्या आदेशाने राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतील औषधांना कमाल किंमत लावली. व्याप्ती वाढली, पण मोजमापाची काठीच बदलली. पूर्वीच्या आदेशांत उत्पादनखर्च पाहून त्यावर ठराविक टक्के वाढ दिली जाई. नव्या पद्धतीत उत्पादनखर्च पाहिलाच जात नाही. बाजारात एक टक्का किंवा अधिक हिस्सा असलेल्या सर्व नावांच्या किमतींची सरासरी काढायची, तीत किरकोळ विक्रेत्याचे सोळा टक्के मिळवायचे आणि आलेला आकडा म्हणजे कमाल किंमत. बाजारावर ज्या महागड्या नावांचा पगडा आहे त्यांच्याच किमतींवरून न्याय्य किंमत ठरवायची, ही युक्ती अजब आहे. अल्प खप असलेली स्वस्त नावे त्या सरासरीत धरलीच जात नाहीत.

त्यातही कमाल किंमत दरवर्षी घाऊक महागाई निर्देशांकानुसार वाढवण्याची तरतूद आहे. २०२२ च्या एप्रिलमध्ये ही वाढ १०.७७ टक्के झाली आणि पुढच्या एप्रिलमध्ये १२.१२ टक्के. यादीबाहेरच्या औषधांना तर वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत भाव वाढवण्याची मोकळीक आहे. सारांश, नियंत्रणाने भावाला छप्पर घातले. पण ते इतक्या उंचावर की त्याखाली स्वस्त आणि महाग दोघेही सुखाने नांदतात.

सुटीचा भ्रम

आता दुकानातल्या सुटीकडे वळावे. काही दुकानांतून ‘जेनेरिक औषधे मिळतील, भरघोस सूट’ अशा पाट्या लागलेल्या दिसतात. ग्राहकाला वाटते, आपला प्रश्न मिटला. परंतु कित्येक कंपन्या जेनेरिक म्हणून जो माल थेट व्यापाऱ्यांना विकतात, त्यावरील छापील किंमत नामांकित औषधांच्या तोडीची ठेवतात आणि विक्रेत्याला मात्र तो नाममात्र भावात देतात. समजा, दहा गोळ्यांच्या पट्टीवर शंभर रुपये छापले आहेत आणि दुकानदाराला ती पंधरा रुपयांना पडली आहे. त्याने शेकडा तीस सूट दिली तर ग्राहक सत्तर रुपये मोजून संतुष्ट होऊन जातो, आणि दुकानदाराच्या हाती पंचावन्न रुपये उरतात. स्वस्त औषध तयार झाले, दुकानापर्यंत आलेही. परंतु स्वस्ताई गल्ल्यातच थांबली, रुग्णापर्यंत पोचली नाही. सूट किती, हा प्रश्नच येथे फसवा आहे. विचारायचे ते हे की, सूट वजा जाता एका गोळीला किती पैसे पडले.

हा केवळ तर्क नव्हे. राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिल्ली परिसरातील चार खासगी रुग्णालयांच्या देयकांची छाननी केली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा आकारला गेल्याचे आढळले. रुग्णालये मोठ्या प्रमाणावर खरेदी करतात, त्यांना अधिक नफा मिळावा म्हणून उत्पादक छापील किंमतच फुगवून देतात, असा प्राधिकरणाचा निष्कर्ष होता. दाखल झालेल्या रुग्णाला बाहेरच्या दुकानात चौकशी करण्याचीही सोय नसते. छापील किंमत ग्राहकाच्या रक्षणासाठी आणली गेली. येथे तीच लुटीचे परवानापत्र झाली.

उलटपक्षी, इच्छा असेल तर हा नफा आवरता येतो हेही दिसून आले आहे. २०१९ च्या फेब्रुवारीत शासनाने कर्करोगावरील ४२ औषधांच्या व्यापारी नफ्यावर तीस टक्क्यांची मर्यादा घातली. त्यासरशी सुमारे ३९० नावांच्या किमती उतरल्या. काहींच्या तर ८७ टक्क्यांपर्यंत. उत्पादनखर्चाला किंवा संशोधनाला त्यामुळे धक्का लागला नाही, कारण उतरवलेली रक्कम कारखाना आणि रुग्ण यांच्या मधल्या वाटेवरची होती. कर्करोगाला लावलेला न्याय मधुमेहाला का लावू नये, याचे उत्तर कोणी देत नाही.

दर्जाची शंका

एवढे झाल्यावर डॉक्टर मंडळींचा आक्षेप ऐकून घेणे अगत्याचे आहे, कारण तो निराधार नाही. स्वस्त नाव लिहिले आणि गोळी निकृष्ट निघाली तर रुग्ण दगावेल आणि बोल लागेल तो डॉक्टरला. म्हणून अनुभवाने विश्वास बसलेले नावच लिहिलेले बरे, असे त्यांचे म्हणणे असते. मुंबईकरांना तरी हा धोका समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये विषारी डायएथिलिन ग्लायकॉल होते आणि १४ रुग्ण प्राणास मुकले. न्यायमूर्ती लेन्टिन यांच्या चौकशी आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सारी यंत्रणा कशी पोखरली गेली होती हे उघड केले. २००३ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने औषध नियंत्रणाची यंत्रणा बळकट करण्याच्या शिफारशी केल्या. २०१४ ते २०१६ या काळात झालेल्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात सुमारे ४७ हजार नमुने तपासले गेले. त्यांपैकी ३.१६ टक्के प्रमाणित दर्जाचे नव्हते. किरकोळ दुकानांतील नमुन्यांत हे प्रमाण तीन टक्के होते, तर सरकारी भांडारांतील नमुन्यांत १०.०२ टक्के. गरिबाला फुकट मिळणारे औषध अधिक सदोष निघावे, ही शासनाला खाली मान घालायला लावणारी गोष्ट आहे.

आक्षेप खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खरा नाही. दर्जाची हमी व्यापारी नावात असते असे मानले तर २०२५ मध्ये मध्यप्रदेशातील छिंदवाड्यात बालकांचे बळी घेणारे खोकल्याचे औषध मूळनामाने विकले जात असावयास हवे होते. ते व्यापारी नावानेच विकले जात होते, आणि विष तेच होते, जे ३९ वर्षांपूर्वी मुंबईत सापडले. नाव कोरलेले असल्याने रसायन शुद्ध होत नाही; ते शुद्ध होते कारखान्यातील शिस्तीने आणि निरीक्षकाच्या धाकाने. शिवाय अनेक नामांकित कंपन्या आपला माल दुसऱ्याच कारखान्यांतून बनवून घेतात, आणि तोच कारखाना अन्य नावांनीही तेच औषध पुरवीत असतो. पट्टीच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत ‘उत्पादक’ म्हणून कोणाचे नाव आहे, हे वाचण्याची तसदी किती जण घेतात?

गोळी शरीरात तितक्याच प्रमाणात आणि तितक्याच वेगाने शोषली जाते की नाही, याची चाचणी म्हणजे जैवसमतुल्यतेची कसोटी. सहजी न विरघळणाऱ्या औषधांच्या बाबतीत परवान्यापूर्वी ती अनिवार्य करणारी दुरुस्ती २०१७ मध्ये झाली. पाऊल योग्य होते. पण त्यापूर्वी परवाने मिळवून बसलेल्या असंख्य गोळ्यांचे काय, हा प्रश्न राहतोच. त्याचे उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरांची शंका पूर्णपणे फिटणार नाही, आणि महागड्या नावांना ती शंका नेहमीच हाताशी येईल.

कुलूप नेमके कोठे आहे?

२००८ च्या नोव्हेंबरमध्ये अमृतसरला पहिले जन औषधी दुकान उघडले. सार्वजनिक क्षेत्रातील कारखान्यांच्या अपुऱ्या पुरवठ्यामुळे ही योजना कित्येक वर्षे रखडली. पुढे मात्र तिला गती आली आणि २०२५ च्या आरंभी केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. तेथील किमती बाजारातील नामांकित औषधांपेक्षा ५० ते ८० टक्क्यांनी कमी असतात, आणि प्रत्येक खेप मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून मगच दुकानात जाते असे योजनेचे सूत्र आहे. महाराष्ट्रातल्या शहरांतून आणि तालुक्यांच्या गावी ही केंद्रे आता दिसू लागली आहेत. हवे ते औषध त्या दिवशी असेलच असे नाही, ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

तथापि, या केंद्रांच्या दारापर्यंत गेलेला ग्राहकही पुष्कळदा रिकाम्या हाताने परततो तो दुसऱ्याच कारणाने. त्याच्या हातातील चिठ्ठीवर रसायनाचे नाव नसते. असते ते कंपनीचे. औषधविषयक नियमावलीतील पासष्टाव्या नियमानुसार, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यावयाच्या औषधांच्या बाबतीत विक्रेत्याला लिहिलेल्या नावाऐवजी दुसरे काही देता येत नाही. त्यात तेच रसायन असले तरीही. नियमाचा हेतू रुग्णाच्या रक्षणाचा होता. प्रत्यक्षात त्याने महागड्या नावाला पहारेकरी नेमून दिला. वस्तुतः वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत डॉक्टरांनी शक्यतो मूळनाम लिहावे असे म्हटले होते. २०१६ मध्ये ते सुवाच्य आणि ठळक अक्षरांत लिहावे अशी भर पडली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने मूळनाम लिहिणे बंधनकारक करणारे नियम जाहीर केले. डॉक्टरांच्या संघटनांनी हरकत घेतली आणि तीन आठवड्यांच्या आत ते स्थगित झाले. दर्जाची हमी आधी द्या, मग आमच्यावर सक्ती करा, हे डॉक्टरांचे म्हणणे. आणि सक्ती केल्याखेरीज स्वस्त औषध खपणार नाही, ही शासनाची अडचण. या वादात दरमहा दंड भरतो तो रुग्ण.

घराने काय करावे, राज्याने काय करावे

सुज्ञ कुटुंबाने तोवर हात जोडून बसण्याचे कारण नाही. पहिली गोष्ट, घरात नेहमी लागणाऱ्या औषधांची यादी व्यापारी नावांऐवजी मूळनामांनी करावी. पट्टीवर मूळनाम छापलेले असते आणि २०१८ पासून ते व्यापारी नावाहून मोठ्या अक्षरांत छापण्याचा नियम आहे. त्यापुढे मिलिग्रॅम लिहावेत आणि गोळी साधी आहे की सावकाश विरघळणारी, हेही नोंदवावे. कारण या दोहोंत औषध तेच असले तरी काम वेगळे असते. मग प्रत्येक गोळीला किती पैसे पडतात याचा हिशेब मांडावा आणि ती यादी घेऊन पुढच्या भेटीत डॉक्टरांनाच विचारावे, ‘हेच औषध मूळनामाने लिहून द्याल का?’ बहुसंख्य डॉक्टर असा प्रश्न विचारणाऱ्यावर रागावत नाहीत. प्रश्न विचारलाच जात नाही ही खरी अडचण आहे. किमती पडताळण्यासाठी मूल्य निर्धारण प्राधिकरणाचे ‘फार्मा सही दाम’ हे साधन मोबाइलवरही उपलब्ध आहे. औषधाचे बिल आग्रहाने घ्यावे आणि त्यावर खेप क्रमांक आहे ना, हे पाहावे.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. अपस्माराचे फेनिटॉइन, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, थायरॉइडचे लेव्होथायरॉक्सिन अशा औषधांत मात्रेचा थोडासा फरकही बाधतो. ती डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून, केवळ स्वस्त पडते म्हणून, बदलू नयेत. दोन-तीन औषधे एकत्र करून बनवलेल्या गोळ्यांची तुलनाही जपूनच करावी. मिश्रणातील एखादा घटक वा त्याचे प्रमाण बदलले की तुलना फसते. कित्येक मिश्रणांचा जन्मच अशी तुलना अवघड व्हावी म्हणून झालेला असतो की काय, असा संशय येतो.

एवढे सारे घराने केले तरी मूळ कुलूप घराच्या हातून उघडणारे नाही. ते शासनानेच उघडावयास हवे. विक्रेत्याला रुग्णाच्या संमतीने त्याच रसायनाचे स्वस्त औषध देण्याची मुभा असावी, आणि डॉक्टरांना नको असेल तर तसे कारणासह लिहिण्याचा त्यांचा अधिकार अबाधित राहावा. विक्रेत्याला टक्क्यांनी नफा मिळत असेल तर महाग पट्टीतच त्याचे हित राहणार. शंभराच्या पट्टीवर वीस रुपये आणि पंधराच्या पट्टीवर तीन, असा व्यवहार असताना त्याने स्वस्त औषध पुढे करावे ही अपेक्षा साधुत्वाची आहे. म्हणून प्रत्येक चिठ्ठीमागे ठराविक मेहनताना देण्याचा विचार करता येईल. कर्करोगाच्या औषधांवर घातलेली व्यापारी नफ्याची मर्यादा सर्वच औषधांना लागू करावी. आणि या सर्वांच्या आधी औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरावीत, प्रयोगशाळा वाढवाव्यात, निकृष्ट ठरलेल्या खेपा व त्यांचे उत्पादक यांची नावे मराठीतून, जनसामान्यांना सहज वाचता येतील अशा रीतीने जाहीर करावीत. दर्जाची खात्री पटली की डॉक्टरांचा आक्षेप आपोआप बोथट होईल. खात्री न देता केलेली सक्ती मात्र टिकणार नाही, हे २०२३ ने दाखवून दिले आहे.

हाथी समितीने अहवाल दिला तेव्हा जन्मलेली पिढी आज स्वतःच रक्तदाबाच्या गोळ्या घेण्याच्या वयाला पोचली आहे. त्या अहवालातील साधी गोष्ट, म्हणजे औषधाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारावी, एवढीही आपल्याला पन्नास वर्षांत साधलेली नाही. डाळीचा भाव विचारण्यात ज्यांना संकोच वाटत नाही, त्यांनी गोळीचा भाव विचारण्यातही संकोचू नये. परंतु विचारणाऱ्याला उत्तर मिळेल, आणि ते उत्तर मानून औषध घेणाऱ्याचा घात होणार नाही, अशी व्यवस्था उभी करणे हे राज्यकर्त्यांचे काम आहे. ते होत नाही तोवर महिनाअखेरीस कोणी वृद्ध हात गोळी मोडून तिचे दोन तुकडे करीतच राहतील.